तीन नंबरच्या मागचं स्वयंपाकघर

३ सप्टेंबर
वारा पश्चिमेचा, ताशी पंचवीस मैल. ऊन.

जॅनेलनं सांगितलं म्हणून लिहितोय. जॅनेल आमची मुलगी, फोर्ट कॉलिन्सला असते. लिहिलं की माणसाचं मन मोकळं होतं, असं तिचं म्हणणं. म्हटलं बरं. नवी वही आणायला बासष्ट मैल कोण जाणार, म्हणून आमच्या ऐतिहासिक वास्तूंच्या खात्याची कामाची नोंदवहीच घेतली. तिच्यात हवामान, काम आणि तास असे तीन रकाने छापलेले आहेत. मनाचा रकाना नाही.

आजचं काम: किल्ल्यावरच्या तीन नंबरच्या घरातलं माझं सामान हलवलं. त्या घरात सत्तावीस वर्षं राहिलो, मी आणि लव्हॉन. लव्हॉन माझी बायको. जानेवारीत गेली. सामान दोन फेऱ्यांत संपलं. मला वाटलं होतं चार तरी होतील. आता अवजारांच्या शेडमागे ट्रेलरमध्ये राहतो. ट्रेलर चांगला आहे. वाऱ्यानं थोडा हलतो.

स्वयंपाकघरातलं मात्र काही हलवलेलं नाही. ट्रेलरमध्ये जागा नाही म्हणून.

५ सप्टेंबर
वारा तसाच.

वायोमिंगच्या राजधानीतून, शायेनहून, खात्याच्या वास्तुतज्ज्ञ आल्या. टॅम्झिन बेकविथ, पस्तिशीच्या असतील. आजवर मुख्यालयातल्या लोकांनी उंटावरून शेळ्याच हाकल्या. ही बाई मात्र उंटावरून उतरली आणि थेट तीन नंबरच्या जोत्याखाली पोटावर सरपटत गेली. बाहेर आली तेव्हा केसांत कोळ्याची जाळी. मला बरी वाटली.

फोर्ट गॅलटवरचं सैन्य १८९०ला गेलं. बराकी पडल्या, तबेले पडले, साहेबांच्या रांगेतली पाच घरं तेवढी उरली. त्यातली चार मी पूर्ववत केली आहेत. तीन नंबरमध्ये आम्हीच राहत होतो म्हणून ते शेवटी राहिलं.

बाईंनी नकाशा माझ्या गाडीच्या बॉनेटवर पसरला आणि चारी कोपऱ्यांवर दगड ठेवले.

"स्टॅडलर, हे घर आपण ऑक्टोबर १८८४चं दाखवायचं. लेफ्टनंट प्रूइटचं कुटुंब बाहेर पडलं तो आठवडा."

मला ती गोष्ट पाठ आहे. सैन्यात तेव्हा रीतच होती. वरच्या हुद्द्याचा कोणी बदलून आला की रांगेतून चालत जायचा आणि आवडेल त्या घराकडे बोट दाखवायचा. आतला माणूस हुद्द्यानं खालचा असला की त्यानं बिऱ्हाड उचलायचं. मग तो त्याच्या खालच्याला उठवणार, तो त्याच्या खालच्याला. सगळ्यात खालचा तंबूत. प्रूइटची बायको सात महिन्यांची गरोदर होती आणि पडदे लावून तिला सहा आठवडे झाले होते. लव्हॉन पर्यटकांना ही गोष्ट सांगायची. शेवटी म्हणायची, "म्हणून मी पडदे शिवतच नाही. कॅप्टन कधी येईल, काय नेम!" लोक हसायचे.

"१८९० नंतरचं जे जे आहे ते काढायचं," बाई म्हणाल्या. "आणि ते मागचं स्वयंपाकघर? ते कधीचं?"

"कागदावर तारीख नाही."

"क्वार्टरमास्टरचं, म्हणजे सैन्याच्या कोठी-अधिकाऱ्याचं, एक पत्र आहे १८८३चं. तीन नंबरला स्वयंपाकघर बांधायची परवानगी मागितलेली. बांधलं की नाही, कळत नाही. बांधलं असेल तर हेच ते. राहील. नसेल तर पाडावं लागेल."

"बरं," म्हटलं.

मग करवतीच्या यंत्राला तेल दिलं.

८ सप्टेंबर
वारा चाळीस. शिडीवर चढता येत नाही.

बाईंनी स्वयंपाकघराची मोजमापं मागितली आहेत. अजून घेतली नाहीत. वाऱ्यात फीत धरवत नाही.

११ सप्टेंबर
वारा पडला. बाई म्हणाल्या, मोजमापं तर आतून घ्यायची असतात.

हे एकदा लिहून ठेवतो. तीन नंबरच्या पुढच्या खोल्या सैन्याच्या आहेत. तिथं राहायला परवानगी होती, हात लावायला नव्हती. भिंतीला खिळा मारायचा नाही, रंग द्यायचा नाही, पडद्याची दांडी लावायची नाही. नियम खात्याचे, पण घरात ते पाळून घेणारा मी. लग्नाचा फोटो सत्तावीस वर्षं खुर्चीवर उभा होता. मागचं स्वयंपाकघर बिनतारखेचं, त्याला काही किंमत नाही, म्हणून जुन्या अधीक्षकांनी लव्हॉनला सांगितलं, इथं काय हवं ते करा. तिनं केलं. आल्या दिवशी हातोडी मागून घेतली. तवे, चाळण्या, कॅलेंडर, जॅनेलची चित्रं, हरणाच्या शिंगावर अ‍ॅप्रन. जागा दिसली की खिळा. वर पिवळा रंग, दर तीन वर्षांनी पुन्हा पिवळाच. मला भिंतीत उगाच मारलेले खिळे बघवत नाहीत. बोललो असेन मी तिला तसं.

आज बाईंनी पश्चिमेच्या भिंतीची एक फळी उचकटली आणि ओरडल्या. "स्टॅडलर, या, या, बघा!"

खिळे चौकोनी होते.

आमच्या धंद्यात खिळा म्हणजे जन्मदाखला. सैन्य इथं होतं तोवर पत्र्यातून कापलेले चौकोनी खिळे. तारेचे गोल खिळे या भागात त्यानंतर आले. फळीवर जुन्या लाकूडगिरणीच्या गोल करवतीचे वळसेही होते. बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. "१८८३," त्या म्हणाल्या. "ते पत्र खरं होतं!"

ते खिळे मी मारलेत. १९९९च्या एप्रिलमध्ये वादळानं ती भिंत उडवली. पडलेल्या तबेल्याच्या फळ्या होत्या, त्यांतूनच काढलेले खिळे डबाभर होते. नवं लाकूड मागवलं तर यायला महिना लागला असता आणि लव्हॉनची चूल उघड्यावर होती. एका दिवसात भिंत उभी केली. नवीन काम जुन्या इमारतीत बसवलं की मागच्या अंगाला तारखेचा शिक्का मारायचा, हा माझाच नियम. चार घरांत एक फळी बिनशिक्क्याची सापडणार नाही. इथं मारला नाही. स्वयंपाकघराला कोण शिक्के मारतं?

बाईंना हे सांगायला तोंड उघडलं होतं. मग मिटलं. खोटं काही बोललो नाही. मूग गिळून बसलो इतकंच.

१२ सप्टेंबर
पाहणी अहवालावर सही केली. 'प्रमुख सुतार' असं लिहिलंय तिथं. स्वयंपाकघर राहणार.

१६ सप्टेंबर
वारा तीस. थंडी सुरू.

डेल्बर्ट आला. डेल्बर्ट आमचा गवंडी, चुन्याचं काम त्याच्यासारखं अख्ख्या वायोमिंगमध्ये कोणी करत नाही, आणि हे तो स्वतःच सांगतो. अरापाहो आहे, म्हणजे इथला मूळ रहिवासी; सरकारनं त्यांच्यासाठी राखून ठेवलेल्या जमिनीवरून, रिझर्व्हेशनवरून, दीड तास गाडी हाणत येतो. त्याचा पणजोबा याच किल्ल्यावर शिध्याच्या रांगेत उभा राहिलेला. पहिल्यांदा आला तेव्हा साहेबांच्या रांगेकडे बघून म्हणाला, "यांनी आमचं सगळं घेतलं आणि धुराडीसुद्धा धड बांधली नाहीत." एकोणीस वर्षं तीच धुराडी दुरुस्त करतोय.

"काय रे म्हाताऱ्या, वाळलास की! जेवतोस का नाही?"

"जेवतो."

"काय?"

"सूप."

"गरम करून?"

हा काय प्रश्न झाला. डबा उघडला की सूप ते सूपच. दुपारी तीन नंबरच्या स्वयंपाकघरात जाऊन ओट्याशी उभ्यानं खातो. तिथं चमचे आहेत म्हणून.

त्यानं त्याच्या बायकोनं दिलेली चिली, म्हणजे मांस-राजम्याचं तिखट कालवण, आणलं होतं, आणि दालचिनीचे रोल. इथल्या शाळांत गुरुवारी तेच मिळतं, आम्ही सगळे त्यावरच वाढलो. डेल्बर्टनं रोल चिलीत बुडवला, चावता चावता खाली वाकून स्वयंपाकघराचा पाया बघितला आणि बघतच राहिला.

"हे १८८३चं म्हणे?"

"बाई म्हणतात."

"आणि तू?"

"मी सुतार आहे. पाया तुझा."

त्यानं नखानं दगडांमधली दर्ज खरवडली. "माझा ना? मग ऐक. यात सिमेंट आहे. तुझ्या सैन्याला तीस वर्षं आधीच सिमेंट सापडलं होतं का रे?"

मी रोल खाल्ला.

"खोट्या तारखा घातलेले तुमच्या लोकांचे कागद आम्ही पुष्कळ बघितले," डेल्बर्ट म्हणाला. "त्यात आमच्या नद्या गेल्या, डोंगर गेले. पण स्वयंपाकघरासाठी खोटं बोललेला पहिलाच बघतोय." मग जरा थांबून म्हणाला, "मी काही बोलणार नाही. ती बाई सिमेंटचं विचारेल तर सांगेन, मागाहून कोणी तरी भरलंय."

"तुला कोणी विचारलं?"

"कोणी नाही. चिली संपव."

१९ सप्टेंबर
वारा पस्तीस.

बाईंनी स्वयंपाकघराचा आराखडा आणला. चूल अमक्या बनावटीची, फडताळ तमकं, पुतळा एक. मेणाचा नाही, हल्ली प्लॅस्टिकचा येतो. कॅप्टनची बायको, हातात पातेलं. कॅप्टन कॉर्लीनं बोट दाखवून घर घेतलं आणि बायकोनं मागे स्वयंपाक केला, असा देखावा.

भिंतींवरून हात फिरवत त्या म्हणाल्या, "बापरे, किती खिळे! ही नासधूस कोणी केली?"

"राहणाऱ्यांनी," म्हटलं.

"सगळे काढा. भोकं बुजवा. रंग अगदी पहिल्या थरापर्यंत खरवडायचा. आणि आता इथं खाणं-पिणं नको बरं का कोणी. ही आता ऐतिहासिक वास्तू आहे."

"बरोबर आहे," म्हटलं. आहेच बरोबर. मीच लोकांना हे सांगत आलोय.

सूप गाडीत बसून खाल्लं. चमचा आणायचा राहिला.

२४ सप्टेंबर
हवामान बघितलं नाही.

रंगाची तपासणी. नाण्याएवढा गोल घासायचा, मध्ये खोल, कडेला उथळ, म्हणजे झाडाच्या खोडात दिसतात तशी वलयं दिसतात. भिंगातून मोजायची आणि लिहायची.

पूर्वेची भिंत, वरून खाली: पिवळा, २०१८. पिवळा, जॅनेलच्या लग्नाचा. पिवळा. पिवळा, हा जरा नारिंगीकडे झुकतो, दुकानदारानं चुकीचा डबा दिला होता आणि लव्हॉन महिनाभर त्याला शिव्या घालत होती. पिवळा. पिवळा, त्यात एक केस अडकलाय. पिवळा. पिवळा. पिवळा, पहिला, १९९२. खाली हिरवा. तो आमच्या आधी इथं जमीन कसणाऱ्या ब्रँडव्होल्ड कुटुंबाचा. त्याखाली लाकूड.

पश्चिमेची भिंत: पिवळे सातच. खाली लाकूड.

बाईंनी आकडे वाचले. "पश्चिमेला हिरवा कसा नाही?" मी भिंग पुसत उभा. मग त्याच म्हणाल्या, "वारा. हो ना? पश्चिमेच्या वाऱ्यानं भेगांतून वाळू मारून रंग उडवला असणार." आणि लिहूनही टाकलं. शिकलेल्या माणसाचं हे बरं असतं, त्याच्यासाठी खोटं बोलावं लागत नाही.

केस चिमट्यानं काढला आणि नमुन्याच्या पाकिटात ठेवला. पाकिटावर काय लिहायचं कळेना. 'पूर्व भिंत, थर ६' लिहिलं.

२५ ते २९ सप्टेंबर
खरवडणे. चार भिंतींतली दीड झाली. बाई म्हणतात, तुमच्या हाताला एरवी एवढा वेळ लागत नाही. रंग चिवट आहे.

खिळे अजून काढलेले नाहीत.

३० सप्टेंबर
वारा वीस.

संध्याकाळी जॅनेलचा फोन. दर सोमवारी असतो. सांगायला काही नसतं, आज होतं. म्हटलं, "स्वयंपाकघर वाचलं. कायमचं. आता त्याला कोणी हात लावणार नाही."

"कोणाचं स्वयंपाकघर, बाबा?"

"कोणाचं म्हणजे? आईचं."

"तुम्ही म्हणालात ना, तिथं कॅप्टनच्या बायकोचा पुतळा बसवणार? दोरी लावणार आडवी? मग आईचं काय राहिलं त्यात?"

"भिंती राहिल्या."

मग म्हणाली, "तुम्हाला माहीत आहे आईला ती एकच जागा का आवडायची? फरशी गार, वारा आत यायचा, हिवाळ्यात भांड्यात पाणी गोठायचं. तरी तिथंच असायची दिवसभर. का, तर तुमच्या सैन्याला तिचं काही देणं-घेणं नव्हतं! अख्ख्या किल्ल्यात तेवढ्याच भिंतीला ती न विचारता खिळा मारू शकायची. तीसुद्धा तुम्ही सैन्याला देऊन टाकली."

मी म्हटलं, "बरं."

"बरं म्हणू नका हो! सारखं काय बरं, बरं!"

रडायला लागली. म्हटलं, इकडे थंडी पडायला लागली आहे.

मग तिनं जानेवारीचं काढलं. मी कधी काढत नाही. लव्हॉन कॅस्परच्या हॉस्पिटलात होती, नववा दिवस. सत्तर मैलांचा वारा येणार असं रेडिओवर सांगत होते आणि एक नंबरचा व्हरांडा मी तेव्हा नुसत्या टेकूंवर उभा ठेवला होता. सकाळी तिला म्हटलं, जाऊन दोरखंडांनी बांधून येतो. नव्वद मैल गेलो, बांधला. पाच चाळीसला ती गेली तेव्हा मी व्हरांड्याच्या छपरावर होतो. व्हरांडा वाचला. चांगला आहे अजून.

"मी तुम्हाला दुपारी दोनला फोन करणार होते," जॅनेल म्हणाली. "आईनं हात धरला माझा. म्हणाली, वारा पडू दे, मग बोलव त्यांना. नाही तर माझ्या उशाशी बसून व्हरांड्याचंच बोलत बसतील."

"असं म्हणाली?"

"हसत म्हणाली."

फोन ठेवला. ट्रेलर हलत होता. बाहेर जाऊन चाकांखालचे ठोकळे तपासले. घट्ट होते.

१ ऑक्टोबर
कामावर गेलो नाही. सत्तावीस वर्षांत काही कारण नसताना पहिल्यांदा. आजारी नव्हतो. बसून होतो.

२ ऑक्टोबर
वारा दहा. ऊन.

बाई तीन नंबरमध्ये चौकटीचे फोटो काढत होत्या. म्हटलं, "बेकविथबाई, पश्चिमेची भिंत मी बांधली आहे. १९९९. एप्रिल. फळ्या तबेल्याच्या, खिळे तबेल्याचे. शिक्का मारला नाही. उरलेलं ब्रँडव्होल्डचं, १९१२च्या आसपास. पूर्वेची फळी काढा, गोल खिळे आहेत. पायात सिमेंट आहे."

कॅमेरा खाली झाला. "तुम्ही अहवालावर सही केली आहे, स्टॅडलर."

"केली."

"वर पाठवलाय मी तो. त्यावर माझं नाव आहे!" चिडल्या. चिडायलाच हव्या होत्या. "तीन आठवडे तुम्ही मला बघत होतात. वाऱ्यानं रंग उडाला म्हटलं तेव्हा समोर उभे होतात तुम्ही! का?"

म्हटलं, "भिंतींवरचे ते सगळे खिळे लव्हॉननं मारलेत. माझ्या बायकोनं."

त्यांनी भिंतीकडे बघितलं. मग माझ्याकडे. तोंडावर हात गेला त्यांचा. "मी नासधूस म्हणाले."

"मीही म्हणायचो."

त्या पायरीवर बसल्या. कॅमेरा मांडीवर ठेवून म्हणाल्या, "ऐका. हे तुमच्या-माझ्याशिवाय कोणाला माहीत आहे?"

"डेल्बर्टला. तो बोलणार नाही."

"मग मीही नाही बोलले तर? राहील ते. पाडून परत येत नाही काही, तुम्हाला तर माहीतच आहे."

भली बाई आहे. जिच्या नावावर डाग लागणार तीच असं म्हणत होती. मी म्हटलं, "राहील, पण कॅप्टनच्या बायकोचं राहील. पुढच्या खोल्यांत लव्हॉनला मी सैन्याच्या नियमानं ठेवलं, आता मागूनही उठवू? ते तिचं होतं. तिचं असतानाच पडू दे."

एवढं मोठं मी कधी बोलत नाही.

बाई म्हणाल्या, "चौकशी होईल. तुम्हाला सक्तीनं निवृत्त करतील कदाचित."

"पाडायचं मी पाडणार. दुसऱ्या कोणाला लावू नका."

"नाही लावत," त्या म्हणाल्या.

९ ऑक्टोबर
शायेनला पत्र गेलं. उत्तरही आलं. स्वयंपाकघर पाडायचं, त्याआधी रीतसर नोंद करायची. मला समज दिली आहे आणि डिसेंबरअखेर मोकळं व्हायला सांगितलंय. वय झालंच होतं.

डेल्बर्टला सांगितलं. म्हणाला, "गाढवा." मग चुना कालवायला गेला.

१७ ऑक्टोबर
वारा तीस.

पाडण्याआधीची नोंद. फोटो एकशे दहा, आराखडे सहा. बाईंनी प्रत्येक खिळ्याची जागा आराखड्यावर काढायला लावली, का ते विचारलं नाही. उंचीसकट. लव्हॉन पाच फूट दोन इंच होती, बहुतेक खिळे तिच्या खांद्याच्या वर नाहीत. थोडे वर आहेत, ते खुर्चीवर चढून.

फॉर्मवर 'बांधणारा' असा रकाना आहे. ब्रँडव्होल्ड, आणि मी. पुढचा रकाना 'वापरणारे महत्त्वाचे रहिवासी'. चार घरांच्या फॉर्मवर तिथं मेजर, कॅप्टन, एक ब्रिगेडियर असे लिहिलेत. पेन घेऊन बसलो होतो. बाईंनी फॉर्म माझ्यापुढून ओढून घेतला, लिहिलं आणि परत सरकवला. लव्हॉन मे स्टॅडलर, १९९२ ते २०१९. हुद्द्याच्या जागी रेघ मारली होती.

अक्षर चांगलं आहे बाईंचं.

२१ ते २५ ऑक्टोबर
पाडकाम. पहिल्या दिवशी खिळे, दोनशे सहा. छप्पर, तुळया, फळ्या, चौकट, या क्रमानं. डेल्बर्टनं पाया काढला. त्यानं सिमेंटवर पहार मारताना एकदाही विनोद केला नाही, तेव्हा मीच म्हटलं, "काय रे, सैन्याचं सिमेंट कसं आहे?" तो म्हणाला, "मजबूत आहे भडव्यांचं."

सामान जॅनेल घेऊन गेली. हरणाचं शिंग तिनं गाडीत पुढच्या सीटवर ठेवून पट्टा लावला. मला म्हणाली, "तुम्हीही चला ना." म्हटलं, डिसेंबरात बघू. तिनं मिठी मारली. मी हात कुठे ठेवायचे ते विसरलो होतो, मग आठवलं.

काही वाटतंय का, असं तिनं विचारलं. खरं ते सांगितलं. काही नाही.

३० ऑक्टोबर
मागचं दार बुजवलं. बाहेरून चुन्याचा गिलावा, दोन हात. जमीन सपाट करून गवताचं बी टाकलं. तीन नंबर मागून आता १८८४चं दिसतं.

१४ नोव्हेंबर
वारा नाही. अजिबात नाही. असं इथं वर्षातून चार दिवस होतं.

सकाळी दोन इंच बर्फ पडलं, वर ऊन. पाच नंबरच्या खिडक्यांना पुट्टी केली. बारा वाजता भूक लागली म्हणून जेवायला घरी आलो. मागच्या बाजूनं. पाय चालत होते, डोकं पुट्टीत होतं. थांबलो. वाकून बुटांचे बंद सोडले, दोन्ही बूट काढून नीट बाजूला ठेवले. भरलेले बूट घेऊन आत आलेलं लव्हॉनला खपायचं नाही, लाटणं घेऊन उठायची. सरळ झालो आणि हाक मारली, "आलो गं. काय केलंयस?"

समोर पांढरी भिंत होती. मी मोज्यांनी बर्फात उभा होतो. आणि खरं सांगायचं तर मी उत्तराची वाट बघत होतो. किती वेळ ते माहीत नाही. पाय बधिर झाले.

मग आवाज आला. कोणी तरी गुरासारखं ओरडत होतं. डेल्बर्ट चार नंबरच्या धुराड्यावरून उतरून धावत आला तेव्हा कळलं, तो मीच होतो. मला वाटत होतं माझ्यात ते नाहीच. दहा महिने नव्हतं. तोंडातून एकच येत होतं, मी छपरावर होतो, मी छपरावर होतो. त्यानं मला धरून खाली बसवलं आणि स्वतःही बर्फात बसला, चुन्याचे हात माझ्या कोटाला पुसले गेले. "असू दे," तो म्हणत होता. "असू दे, ऑरिन." एकोणीस वर्षांत त्यानं मला नावानं कधी हाक मारली नव्हती.

बऱ्याच वेळानं त्यानं माझे बूट उचलले आणि एकेक करून माझ्या पायांत घातले. म्हणाला, "चल, उठ. पाय जातील तुझे. आत जाऊ."

मी विचारलं, "कुठे आत?"

त्यानं भिंतीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मग तो पुन्हा माझ्या शेजारी बसला.